रेंजफाइंडरला कमी पैशात लेन्स घेताना

रेंजफाइंडर म्हणजे लेन्समधून न बघता बाजूच्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा, त्याची बॉडी कशीबशी मिळून जाते. कुणाला काकांच्या कपाटात झॉर्की सापडते, कुणी गल्फहून परत आलेल्या मित्राची बेसा घेतो, कुणी बरीच वर्षं पैसे बाजूला टाकून जुनी लायका एम२ आणतो. खरी अडचण पुढे सुरू होते, लेन्सचे भाव बघितले की वाटतं हे आपलं काम नाही आणि मग ती बॉडी परत कपाटात जाते आणि पावसाळ्यात तिला बुरशी लागते. हे होऊ नये असं मला मनापासून वाटतं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की लेन्सच्या किमतीतला मोठा हिस्सा आपण ॲपर्चरसाठी देतो, म्हणजे लेन्समधून उजेड आत येतो त्या भोकासाठी, एफचा आकडा जेवढा लहान तेवढं भोक मोठं. त्याच कंपनीची त्याच फोकल लेंग्थची (किती दृश्य फ्रेममध्ये येणार ते सांगणारा मिलिमीटरमधला आकडा) एफ १.४ आणि एफ २.५ किंवा २.८ घेऊन बघा, दीड-दोन स्टॉपसाठी (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) भाव दुप्पट-तिप्पट झालेला दिसेल. काच जास्त लागते, मोठी लागते, घडवायला अवघड जाते आणि वर लोकांना हौस असते. आता गोव्यातला उजेड बघा. मे महिन्यात भर दुपारी मिरामारला ४०० ची फिल्म (आकडा मोठा तेवढी ती कमी उजेडात चालते) घालून उभे राहा, सनी सिक्स्टीनच्या नियमाने (भर उन्हात एफ १६ ला शटर साधारण फिल्मच्या आकड्याएवढं) १/५०० च्या आसपास एक्स्पोजर येतं. लायका एम चा सगळ्यात वेगवान शटरस्पीड १/१०००, म्हणजे जास्तीत जास्त एफ ११ पर्यंत उघडता येईल. सोव्हिएत फेड-२ ला तर १/५०० च्या वर काही नाही. एवढे पैसे देऊन आणलेली एफ १.४ तिथे उघडताच येत नाही, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावला तर गोष्ट वेगळी. बरं, पावसाळा म्हणा, दाट ढग, सगळं करडं, तरी ४०० च्या फिल्मला एफ ५.६ आणि १/५०० च्या जवळपास मिळतं, एफ २.८ च्या लेन्सकडे अजून दोन स्टॉप शिल्लक असतात.

मग रात्री काय? जत्रा, काला, शिगमो, सगळं रात्रीचंच असतं हे मान्य. पण तिथेही हिशोब करून बघा. मांडवात बऱ्यापैकी दिवे असले तर ४०० ला एफ २, १/३० मध्ये काम होतं, आणि रेंजफाइंडरमध्ये आरसा उडत नाही त्यामुळे १/३० हातात धरून सहज जमतो, श्वास रोखला तर १/१५ पण. तीच फिल्म १६०० ला पुश केली, म्हणजे १६०० ची समजून वापरली आणि जास्त वेळ डेव्हलप केली, तर एफ २.८ ला १/६० मिळतो, उजेड तेवढाच. ग्रेन म्हणजे दाणे वाढतील, काळोखातले तपशील जातील, पण डेव्हलपर थोडा जास्त वेळ ठेवायचा खर्च आणि एफ १.४ ची किंमत यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांना दिवज्यांच्या उजेडातच फोटो काढायचे आहेत, म्हणजे फक्त पणत्या आणि बायकांचे चेहरे, त्यांनी वेगवान, म्हणजे मोठ्या ॲपर्चरच्या, लेन्सचा विचार जरूर करावा, त्या कामाला ती लागतेच. बाकीच्यांनी एफ २ ते एफ ३.५ च्या मध्ये शोधा. वाचलेले पैसे बॉडीच्या सर्व्हिसिंगला आणि फिल्मला ठेवा.

आता रेंजफाइंडरचा स्वभाव, कारण एसएलआर, म्हणजे आरशामुळे लेन्समधूनच बघता येणारा कॅमेरा, वापरून आलेले इथे गोंधळतात. या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, बाजूच्या खिडकीतून बघतो. मधे एक छोटा उजळ चौकोन असतो, त्यात दोन प्रतिमा दिसतात, रिंग फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. हे कळवायला लेन्सच्या मागच्या बाजूला एक कॅम असतो, तो कॅमेऱ्याच्या आतली दांडी ढकलतो. म्हणजे लेन्स कितीही सुंदर असो, तो कॅम आणि ती दांडी यांचं जमलं पाहिजे. आणि फ्रेम किती येणार हे सांगायला खिडकीत पांढऱ्या रेषा असतात, फ्रेमलाइन. तुमच्या कॅमेऱ्यात ज्या फोकल लेंग्थच्या रेषा आहेत तीच लेन्स घ्या, निदान पहिली तरी. एम३ मध्ये ५०, ९०, १३५ आहेत, ३५ नाही. एम२ मध्ये ३५, ५०, ९०. एम६ मध्ये २८ पासून १३५ पर्यंत सहा. कॅनन पी मध्ये ३५, ५०, १०० तिन्ही कायम दिसत राहतात. झॉर्की-४ आणि फेड-२ मध्ये रेषाच नाहीत, आख्खी खिडकी म्हणजे साधारण ५० ची फ्रेम. स्वस्तात २१ मिळाली म्हणून घेतली तर वर लावायला वेगळा व्ह्यूफाइंडर घ्यावा लागतो आणि तो बरेचदा लेन्सएवढाच महाग पडतो, म्हणून तो खर्च आधीच धरा. चष्मा असेल तर आणखी एक, एम६ मध्ये २८ च्या रेषा चष्म्यातून पूर्ण दिसत नाहीत, डोळा इकडून तिकडे फिरवावा लागतो. शक्य असेल तर घेण्याआधी कुणाच्या तरी कॅमेऱ्यात डोळा लावून बघा.

५० की ३५, हा प्रश्न सगळे विचारतात. बजेट कमी असेल तर ५०, कारण ५० सगळ्यात जास्त बनल्या, प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर एक तरी आलीच, म्हणून आज त्याच स्वस्त आहेत. फोटोच्या दृष्टीने मात्र गोव्यात मला ३५ जास्त उपयोगी वाटते. फोंतायन्यासच्या गल्लीत उभं राहून बघा, मागे सरकायला जागाच नसते, पाठ समोरच्या घराच्या बाल्कावला (दारापुढच्या बसायच्या ओट्याला) लागते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात तेच, चोरीस (गोव्याचे सॉसेज) आणि मिरच्यांच्या राशींमधून माणसं जातायत, तिथे ५० ने अर्धा माणूस येतो. शिवाय ३५ ने झोन फोकस फार सोपा जातो. एफ ८ ला ३ मीटरवर लावून ठेवली तर साधारण १.९ पासून ७ मीटरपर्यंत सगळं चालण्याइतकं शार्प येतं, एफ ११ ला ४ मीटरवर ठेवली तर २ मीटरपासून पार अनंतापर्यंत. मग खिडकीत चौकोन जुळवत बसायलाच नको, कॅमेरा उचलला की फोटो. रायबंदर-चोडणच्या फेरीबोटीत लोक चढताना-उतरताना एवढी धांदल असते की फोकस करायला वेळच मिळत नाही, तिथे हा प्रकार करून बघा. आणि बघा, यात लेन्स वापरली जाते एफ ८ किंवा ११ ला, तिथे स्वस्त लेन्स आणि महाग लेन्स यातला फरक छोट्या प्रिंटवर कुणी ओळखू शकेल असं मला वाटत नाही.

९० आणि १३५ बद्दल थोडंच सांगतो. लायकाच्या जुन्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्त ह्याच मिळतात, ९० ची एल्मार एफ ४, १३५ ची हेक्टर एफ ४.५, कारण रेंजफाइंडरवर लांब लेन्स लोकांना आवडत नाही. खिडकीतली फ्रेम पोस्टाच्या तिकिटाएवढी दिसते आणि फोकसची चूक लगेच कळते. ९० एफ ४ ने एक मीटरवर फोटो काढला तर जेमतेम ३ सेंटिमीटर शार्प असतं. कॅमेऱ्याचा रेंजफाइंडर किती लांब आहे, म्हणजे त्याच्या दोन खिडक्यांमधलं अंतर (बेस) किती, त्यावर पण अवलंबून असतं, एम६ चा प्रभावी बेस साधारण ५० मिलिमीटर आहे, बेसा आर चा त्याच्या निम्म्याच्या आसपास. बेसावर ९० एफ २ घेऊन पूर्ण उघडून पोर्ट्रेट काढायचा विचार असेल तर नको. लायकावर ९० एफ ४ मात्र मस्त, समोरून रथ येतोय वगैरे.

माउंटकडे, म्हणजे लेन्स बॉडीला बसते त्या जोडाकडे, जरा नीट लक्ष द्या, लोकांचे पैसे सगळ्यात जास्त इथे जातात. जुन्या लायका आणि त्यांच्यावरून बनलेल्या फेड, झॉर्की, कॅनन यांना ३९ मिलिमीटरचा स्क्रू, म्हणजे एम३९ किंवा एलटीएम. १९५४ मध्ये एम३ आला तेव्हा लायकाने थोडं फिरवून अडकवायचं बायोनेट आणलं, ते एम माउंट. स्क्रूची लेन्स एम बॉडीवर एका पातळ अडॅप्टर रिंगने बसते, कारण दोन्हींमध्ये फिल्मपर्यंतचं अंतर बरोबर एक मिलिमीटरने वेगळं आहे, २८.८ आणि २७.८. उलट नाही होत, एम ची लेन्स स्क्रूच्या बॉडीवर बसत नाही. म्हणून पैसे जपून वापरायचे असतील तर स्क्रूची लेन्स घ्यावी, झॉर्कीवर आज चालेल आणि उद्या लायका घेतली तर तिच्यावर पण चालेल. अडॅप्टर तीन प्रकारचे असतात, ते कुठल्या फ्रेमलाइन आणतात त्यावरून, ५०-७५, ३५-१३५ आणि २८-९०, आपल्या लेन्सप्रमाणे मागवा. अगदी स्वस्त अडॅप्टरची जाडी कधी कधी चुकलेली असते आणि मग दूरचं सगळं मऊ येतं आणि आपण उगाच लेन्सला दोष देत बसतो.

आता फसगत कुठे होते ते सांगतो. एम३९ लिहिलं म्हणजे रेंजफाइंडरचीच लेन्स असं नाही. सुरुवातीच्या झेनिट एसएलआरना पण तोच ३९ चा स्क्रू होता, पण त्यांचं फिल्मपर्यंतचं अंतर ४५ मिलिमीटरच्या वर. ती लेन्स तुमच्या झॉर्कीवर छान घट्ट बसते, आणि एकही फोटो फोकसमध्ये येत नाही. एन्लार्जरच्या (निगेटिव्हवरून प्रिंट काढायच्या यंत्राच्या) लेन्सना पण हाच स्क्रू, त्यांना तर फोकस रिंगच नसते. ओळखायचं कसं, तर विकणाऱ्याकडे मागच्या बाजूचा फोटो मागा. रेंजफाइंडरच्या लेन्सला मागे स्क्रूच्या आत एक गुळगुळीत धातूची कडी दिसते, रिंग फिरवली की ती आत-बाहेर होते, तोच कॅम. ती नसेल तर सोडा. तसंच ज्युपिटर-८एम नावाची लेन्स कीव्ह कॅमेऱ्याच्या माउंटची आहे, तिला स्वतःची फोकस रिंग नाही, ती कीव्हच्या बॉडीत असते. आणि इंडस्टार-६१ मागवताना एल-डी बघून घ्या, एल-झेड लिहिलेली एसएलआरची आहे. एका अक्षराने लेन्स कामातून जाते.

नावं घेतो आता, स्वस्तापासून वर.

सगळ्यात तळाला सोव्हिएत लेन्स. इंडस्टार-२६एम ५२ एफ २.८, इंडस्टार-६१ एल-डी ५५ एफ २.८, ज्युपिटर-८ ५० एफ २, ज्युपिटर-१२ ३५ एफ २.८. यातली इंडस्टार-६१ माझ्या मते पैशाच्या मानाने सगळ्यात चांगली, साधी चार काचांची टेसार पद्धतीची रचना, त्यात लँथॅनमची काच घातलेली, एफ ५.६ ला घेऊन गेलात तर कौलांवरची शेवाळाची कड न् कड दिसते. ज्युपिटर-८ चा स्वभाव वेगळा, ती झाइसच्या जुन्या सोन्नारवरून आलेली, एफ २ ला कडा मऊ, मधे गोड, चेहऱ्यांना छान. तिच्या ॲपर्चर रिंगला क्लिक नाही, बोटाला काही कळत नाही, बघूनच लावावं लागतं आणि गर्दीत कधी रिंग आपसूक सरकते, याची सवय करून घ्यावी लागेल. ज्युपिटर-१२ झाइसच्याच बायोगॉनवरून, तिचा मागचा भिंग कॅमेऱ्याच्या आत एवढा खोल जातो की काही बॉडींमध्ये आतल्या भागाला टेकतो, म्हणून तुमच्या मॉडेलवर ती चालते का हे खात्रीने विचारल्याशिवाय फिरवून बसवू नका, आणि टेबलावर ठेवताना मागचं झाकण लावूनच ठेवा. या लेन्सच्या सिरियल नंबरचे पहिले दोन आकडे बहुतेक वेळा सालाचे असतात, ६४ ने सुरू झाला तर १९६४. चौघींनाही ४०.५ मिलिमीटरचाच फिल्टर लागतो, एक पिवळा फिल्टर घेतला की सगळ्यांना चालतो, आपल्याकडच्या पांढऱ्या आभाळाला तो हवाच.

सोव्हिएत लेन्समध्ये दोन गोष्टी सांभाळा. पहिली म्हणजे एकीसारखी दुसरी नसते, कारखान्यातून चांगलीच निघाली असेल पण मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी घरी खोलली असेल आणि काच उलटी किंवा शिम (अंतर जुळवायची पातळ चकती) विसरून परत बसवली असेल तर सांगता येत नाही. स्क्रूच्या खाचा ओरबाडलेल्या दिसल्या तर समजायचं उघडलेली आहे. दुसरी, ज्युपिटर लायकावर लावली तर जवळच्या अंतरावर पूर्ण उघडून फोकस थोडा चुकू शकतो, कारण त्यांची मोजणी झाइसच्या कॉन्टॅक्स कॅमेऱ्याच्या ५२.४ मिलिमीटरच्या हिशोबावर आणि लायकाची ५१.६ वर. एफ ४ च्या पुढे, दोन-तीन मीटरपलीकडे, कळत पण नाही. झॉर्कीवर वापरणार असाल तर हा विषयच नको. आणि सोव्हिएत कॅमेऱ्यावर सोनेरी मुलामा आणि लायकाचं नाव कोरून विकतात ते तर सोडाच, आत दांडीच्या टोकाला गोल चाक आहे का बघा, खऱ्या स्क्रू लायकात चाक असतं, फेड-झॉर्कीत पाचरीसारखं टोक.

थोडे जास्त पैसे असतील तर जपानी स्क्रूच्या लेन्स. कॅनन ५० एफ १.८ ही फार चांगली लेन्स, बांधणी दणकट, एफ ४ ला आजच्या लेन्सच्या तोडीस तोड. पण हिला एक ठरलेला रोग आहे, ॲपर्चरच्या पाकळ्यांच्या मागच्या काचेवर धुरकट थर येतो आणि बराच काळ तसाच राहिला तर काचेत खातो, मग पुसून जात नाही. म्हणून ही लेन्स टॉर्च मारल्याशिवाय घेऊच नका. कॅनन ३५ एफ २.८ पण बघण्यासारखी आहे.

लायकाचीच हवी असेल, तर महागडी सुमिक्रॉन नको म्हणा आणि ५० ची एल्मार एफ ३.५ किंवा २.८ बघा, आत ढकलता येते, कॅमेरा खिशात जातो. १९३० च्या दशकातली सुमार ५० एफ २ स्वस्त दिसेल पण तिची पुढची काच इतकी मऊ होती की न ओरखडलेली मिळणं कठीण. आणि आत ढकलायची कुठलीही लेन्स लायका सीएल किंवा एम५ वर आत ढकलू नका, त्यांच्यात उजेड मोजायच्या मीटरची दांडी शटरसमोर येते.

४० मिलिमीटर हा एक शहाणपणाचा कोपरा आहे. १९७३ मध्ये लायका सीएल बरोबर सुमिक्रॉन-सी ४० एफ २ आली आणि मिनोल्टाची एम-रोकोर ४० एफ २ पण, दोन्ही छोट्या, दोन्ही उत्तम, आणि केवळ ४० च्या फ्रेमलाइन इतर लायकांत नाहीत म्हणून भाव कमी. त्या लावल्या की ५० च्या रेषा येतात, तुम्ही त्याच्या थोडं बाहेर धरायचं, पाच-सहा रोलमध्ये डोळ्याला सवय होते. मिनोल्टाचीच २८ एफ २.८ मात्र आत पांढरे ठिपके येण्यासाठी प्रसिद्ध आहे, विचारूनच घ्या.

नवीन घ्यायची असेल, वॉरंटी पाहिजे असेल, तर जपानी कोसिना कंपनीने बनवलेल्या फोक्टलेंडर. कोसिनाने १९९९ पासून हे नाव वापरायला सुरुवात केली आणि माझ्या मते तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी रेंजफाइंडर जिवंत ठेवला तो त्यांनीच. कलर-स्कोपार ३५ एफ २.५, आधी स्क्रूमध्ये आली, नंतर एम मध्ये, सेकंडहँड मिळाली तर डोळे झाकून घ्या, म्हणजे टॉर्च मारून मग घ्या. एवढीशी, हलकी, खिडकीत अजिबात आड येत नाही, कडेपर्यंत शार्प. मला एकच ३५ ठेवायला सांगितली तर हीच ठेवेन. चिनी कंपन्यांच्या पण आता एम माउंटच्या लेन्स येतात, सेव्हन-आर्टिझन्स आणि टीटी-आर्टिझन, एफ १.४ आणि त्याहून वेगवान, किंमत लायकाच्या कितीतरी खाली. त्यातल्या काहींचा फोकस कॅम आपल्या कॅमेऱ्याप्रमाणे स्वतः ॲडजस्ट करता येतो, आणि करावा लागतोच असं धरून चाला. वजनदार असतात, काही तर बॉडीला पुढे झुकवतात. रात्रीचंच काम जास्त असेल तर या घ्या, दिवसाला कशाला. झाइसच्या झेडएम मालिकेतली सी-बायोगॉन ३५ एफ २.८ अप्रतिम आहे पण ती स्वस्त म्हणता येणार नाही, म्हणून इथे नुसतं नाव.

लेन्स हातात आली की काय करायचं. दोन्ही झाकणं काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, मोबाइलचा टॉर्च मागून तिरका मारा आणि पुढून बघा, मग उलट. सरळ मारला तर डोळे दिपतात, काही दिसत नाही. धूळ दिसेलच, चार कण असले तर विसरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे, बहुतेक कडेपासून आत पसरलेले, ती बुरशी. अगदी कोपऱ्यात एखादा धागा असेल आणि भाव त्याप्रमाणे असेल तर साफ करून घेता येते, पण धाग्याखाली काचेवर कोटिंग खाल्लेलं असेल तर डाग राहतो. सगळीकडे सारखं धुकं, आरशावर वाफ बसावी तसं, ते हेझ. हेझ सगळ्यात फसवं, कारण सरळ उजेडात लेन्स स्वच्छ दिसते आणि फोटोत मात्र सगळं फिकं, समोर सूर्य असला की पांढरं. कडेला तेलासारखी इंद्रधनुषी पट्टी दिसली तर आतल्या दोन काचांचा जोड सुटतोय, ती लेन्स सरळ परत करा, तो खर्च परवडत नाही. पुढच्या काचेवर बारीक वर्तुळाकार ओरखडे, पुसून पुसून आलेले, त्याने एवढं बिघडत नाही, हूड (काचेवर सावली धरणारी पुढची कडी) लावायचा. लोक ओरखड्यांना घाबरतात आणि हेझकडे दुर्लक्ष करतात, असायला पाहिजे उलट. ॲपर्चरच्या पाकळ्यांवर तेल दिसलं तर एसएलआरइतकं नडत नाही कारण इथे पाकळ्या हाताने फिरतात, पण तेच तेल उडून काचेवर बसतं आणि हेझ होतं.

मग फोकस रिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. जड असेल तर जुनं ग्रीस वाळलंय, सर्व्हिस होतं. मधेच अडकत असेल किंवा डगडगत असेल तर नको.

नंतर कॅमेऱ्यावर लावून अनंत तपासा. दोना पावलाच्या जेटीवरून समोर मुरगावच्या बंदरातल्या क्रेन दिसतात, किंवा पणजीला मांडवीच्या काठावरून पलीकडचा रेइश मागुश किल्ला. लेन्स अनंतावर नेऊन ठेवा आणि खिडकीतल्या चौकोनात क्रेनच्या दोन प्रतिमा बरोबर एकावर एक बसतात का बघा. बसल्या नाहीत तर लेन्स चुकली की कॅमेरा, ते दुसरी लेन्स लावून कळेल. पण चौकोन जुळला म्हणजे फिल्मवर पण फोकस आहे असं नाही, ते वेगळं बघावं लागतं. झॉर्की-४ किंवा फेड-२ असेल तर पाठ पूर्ण निघते, फिल्म जिथून सरकते त्या रुळांवर दुधी रंगाची मॅट चिकटपट्टी ताणून लावा, शटर बी वर ठेवून उघडं धरा, लेन्स पूर्ण उघडी, आणि भिंगाने त्या पट्टीवरची उलटी प्रतिमा बघा. एक मीटरवर वर्तमानपत्र तिरकं ठेवायचं, एका ओळीखाली पेनाने रेघ मारायची, खिडकीतून त्या रेघेवर फोकस करायचा आणि पट्टीवर तीच ओळ शार्प आहे की पुढची-मागची ते बघायचं. ५० एफ २ ला एक मीटरवर साधारण ५ सेंटिमीटरच शार्प असतात, त्यामुळे चूक लपत नाही. फिल्म न घालवता सगळं कळतं. शटरच्या पडद्याला बोट लागू देऊ नका. झॉर्की-४ चा स्पीड नेहमी फिल्म पुढे सरकवून शटर ओढल्यानंतरच बदला, आधी नाही.

गोव्यात रेंजफाइंडरच्या लेन्सचं दुकान असं नाही, बहुतेक ऑनलाइनच घ्यावी लागते. देशातल्या देशात विकणारा मिळाला तर थोडे जास्त देऊन पण तिथे घ्या, कारण बाहेरून मागवली की कस्टम ड्युटी आणि कुरियरचे पैसे वर बसतात आणि स्वस्त लेन्स स्वस्त राहत नाही. परत पाठवायची वेळ आली तर आणखी त्रास. पैसे देण्याआधी विकणाऱ्याला सरळ विचारा, "दादा, टॉर्च मागून मारून एक व्हिडिओ पाठवाल का, आणि मागचा कॅम दिसेल असा एक फोटो?" चांगला माणूस लगेच पाठवतो. "लेन्स एकदम मिंट आहे, विश्वास ठेवा" एवढंच उत्तर आलं तर थांबा, दुसरी येईल, घाई नको. साल, सिरियल नंबर, झाकणं आहेत का, कुठल्या कॅमेऱ्यावर वापरून बघितलीय आणि त्यावर काढलेले दोन फोटो, हे पण मागा. पावसात पार्सल मागवत असाल तर आतून प्लास्टिकमध्ये सील करायला सांगा.

आणि घेतलेली लेन्स जपायची, हे आपल्याकडे घेण्याइतकंच महत्त्वाचं आहे. जून ते सप्टेंबर हवेत एवढा दमटपणा असतो की कपाटातल्या चपलांना पण पांढरी बुरशी येते, लेन्सची काय कथा. जुन्या लेन्सबरोबर चामड्याची केस येते, ती दिसायला छान पण ओलावा धरते, पावसाळ्यात लेन्स त्यातून बाहेर काढाच. परवडत असेल तर छोटं इलेक्ट्रिक ड्राय कॅबिनेट, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर ठेवायचं, त्याहून कोरडं नको, ग्रीस वाळतं. नाहीतर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. जेलचा रंग बदलला की तापवून परत कोरडं करता येतं, पण निळ्या जेलमध्ये कोबाल्ट क्लोराइड असतं म्हणून स्वयंपाकाच्या भांड्यात अजिबात नको, नारिंगी जेल घ्या आणि त्याला वेगळं भांडं ठेवा. सगळ्यात चांगला उपाय म्हणजे वापरणं, आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढा, उजेडात धरा, रिंगा फिरवा.

बीचवरून आलात की खारी हवा धातूवर बसलेली असते, किंचित ओलसर मऊ फडक्याने बाहेरून पुसा आणि लगेच कोरडं करा, काचेला मात्र आधी ब्लोअर, वाळूचा कण असताना फडकं फिरवलं तर ओरखडा पडलाच समजा. एसी गाडीतून उतरून मे महिन्याच्या उन्हात लगेच कॅमेरा काढू नका, काचेवर आणि कधी आत पण पाणी जमतं, पिशवी बंदच ठेवून दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या.

पहिला रोल नव्या लेन्सवर टाकाल तेव्हा ऐन कार्यक्रमाला जाऊ नका. एकाच घराच्या दर्शनी भिंतीचे पूर्ण उघडून, एफ ४, एफ ८ असे फोटो घ्या, एक मीटरवर कुणाला तरी बसवून डोळ्यावर फोकस करून घ्या, समोर सूर्य ठेवून हूड लावून आणि न लावता घ्या, आणि प्रत्येक फ्रेमला ॲपर्चर काय होतं ते वहीत लिहा. निगेटिव्ह हातात आल्यावर भिंगाखाली त्या वहीशी लावून बघितलं की ती लेन्स कुठल्या ॲपर्चरला कशी वागते ते कळतं. काही मऊ आलं आणि परत करायची मुदत शिल्लक असेल तर ते स्कॅन विकणाऱ्याला त्याच दिवशी पाठवा.